ताप नाही, एक्स-रेही साफ; मग धाप कशाची?

प्रश्न : थोरल्या भावाची किडनी बदलून पाच महिने झाले. आठ दिवस कोरडा खोकला आहे, जिना चढला की धाप लागते. ताप नाही, छातीचा एक्स-रे साफ आहे. मेडिकलवाल्यानं क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलंय, ते द्यावं का? आमचं गुऱ्हाळ सुरू झालंय, तिथं जाऊ द्यावं का?
– एक वाचक, करवीर तालुका

उत्तर : गोळी दिली नसेल तर देऊ नका. शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून चालू असलेल्या टॅक्रोलिमस या औषधाचा निचरा करणारं यकृतातलं एन्झाइम तिनं अडतं. मग रक्तातली पातळी चढते, हात थरथरतात आणि नव्या किडनीलाच इजा होते. दिली असेल तर आजच किडनीच्या डॉक्टरांना कळवा. टॅक्रोलिमसचा डोस मात्र मनानं कमी-जास्त करू नका.

ताप नाही यावर विसंबू नका, प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडनं तो दबतो. पहिल्या सहा महिन्यांत न्यूमोसिस्टिस या बुरशीचा न्यूमोनिया नेमका असाच येतो : कोरडा खोकला, चढती धाप, सुरुवातीला साफ एक्स-रे. भाऊ बसून असताना धापत नसेल तर ऑक्सिमीटर लावून आकडा लिहा, मग घरातच एक-दोन मिनिटं चालवून पुन्हा बघा. बसून 97 आणि चालून 92, असं झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. बसल्या जागी धाप असेल तर चालवून बघण्याच्या भानगडीत पडू नका, थेट न्या. आकडा चांगला आला तरी या खोकल्यासाठी दोन दिवसांत दाखवायलाच हवं. सीटी स्कॅन, आणि गरज पडल्यास दुर्बिणीतून फुफ्फुस धुऊन घेतलेला नमुना, यांतून निदान होतं. कोट्रायमॉक्साझोलची गोळी हाच आजार टाळण्यासाठी दिलेली असते. ‘साधी गोळी’ म्हणून ती परस्पर बंद झाली नाही ना, हे तपासा.

दोन-तीन दिवसांत वजन दोन किलो वाढलं, पाय सुजले, आडवं पडल्यावर धाप वाढली, तर फुफ्फुसात पाणी साचल्याची शंका घ्यावी.

टीबीही डोक्यात ठेवा. त्यावरच्या रिफाम्पिसिन या औषधानं टॅक्रोलिमसची पातळी इतकी घसरते की शरीर किडनी नाकारू शकतं, म्हणून बहुधा रिफाब्युटिन निवडतात.

गुऱ्हाळावर सध्या नकोच. चुलवाणाचा धूर आहेच, पण ओलसर चिपाडांचा ढीग उपसताना उडणारी बुरशीची धूळ अधिक वाईट, आणि साध्या कापडी मास्कला ती जुमानत नाही. बरं वाटल्यावर, डॉक्टर हो म्हणाले तर, हिशेबाची वही घरी आणून द्या.