सुदान बंद असताना भारतीय बाइकवर कैरो ते केपटाऊन कसं आखावं?

प्रश्न असा आहे: "एमएच १२ पासिंगची हिमालयन ४११ घेऊन कैरो ते केपटाऊन करायचं आहे. सुदानमध्ये युद्ध आहे आणि वाटेतली दुसरी एखादी सीमाही अचानक बंद होऊ शकते. तयारी कुठून सुरू करू?"

सगळ्यात आधी कैरोचा विचार सोडा. सुदानमध्ये सैन्य आणि आरएसएफ हे निमलष्करी दल यांच्यात एप्रिल २०२३ मध्ये लढाई पेटली आणि वाडी हाल्फा–खार्टूम–गल्लाबात हा जुना मार्ग तेव्हाच मोडला. पलीकडे इथिओपियाच्या अम्हारा प्रांतात ऑगस्ट २०२३ पासून फानो हे स्थानिक सशस्त्र गट आणि सरकारी फौजांमध्ये धुमश्चक्री आहे, आणि गल्लाबातसमोरची मेतेमाची सीमाचौकी त्याच प्रांतात येते. म्हणजे एक युद्ध थांबलं तरी रस्ता मोकळा होत नाही. बाइक इजिप्तमध्ये उतरवून पुन्हा जहाजावर चढवायची म्हटलं तर भाडं दुप्पट, शिवाय तिथे तात्पुरत्या इजिप्शियन नंबर प्लेट घेण्याचं वेगळं काम. इजिप्त नंतर कधीतरी स्वतंत्रपणे करा. पश्चिमेकडचा मोरोक्को–सेनेगल–नायजेरिया–अंगोला मार्ग अवघड असला तरी होतो. पण आधी गाडी युरोपात किंवा मोरोक्कोत न्यावी लागते, व्हिसा डझनावारी लागतात आणि नायजेरिया–कॅमेरून सीमेवर बंडखोरीचा भाग आडवा येतो. पहिल्याच आफ्रिका फेरीला तो नको.

भारतातून निघणाऱ्याला खरं सोयीचं आहे ते न्हावाशेवा ते मोम्बासा जहाज आणि तिथून केनिया, टांझानिया, झांबिया, बोत्स्वाना, नामिबिया, दक्षिण आफ्रिका. अंतर सहा हजार किलोमीटरच्या वर, आडवाटा धरल्या तर आठ हजार. या सगळ्या देशांत आपल्यासारखंच डावीकडून चालवतात.

आता सीमांकडे येऊ. नकाशावर एकच रेघ मारून ठेवू नका. दर सीमेसाठी दुसरा दरवाजा कुठे आहे आणि तो वापरायचा तर कोणता कागद लागेल, हे आधी लिहून काढा. सीमा बंद झाली तर रस्ते बहुतेक वेळा सापडतात. माणूस अडकतो तो एकदाच वापरता येणाऱ्या व्हिसामुळे आणि कार्नेटवर, म्हणजे गाडीच्या कस्टम्सच्या कागदावर, चुकीच्या वेळी पडलेल्या शिक्क्यामुळे. एका देशाचा एक्झिट शिक्का घेतलात, त्या देशाचा सिंगल एंट्री व्हिसा संपला, पुढचा देश आत घेईना: मधल्या दोनशे मीटरच्या पट्ट्यात बसून राहण्याची वेळ येते ती अशी. म्हणून शिक्का घेण्याआधी पलीकडून नुकत्याच आलेल्या ट्रकवाल्याला विचारा. इमिग्रेशनच्या खिडकीपेक्षा ट्रकांची रांग जास्त खरं सांगते. रांग स्थिर असेल आणि ड्रायव्हर गाडीखाली स्टोव्ह पेटवून बसले असतील तर त्या दिवशी कागद बाहेर काढूच नका.

बंद होण्याचेही प्रकार आहेत. निवडणुकीनंतरच्या गोंधळात सीमा बहुधा काही तास किंवा काही दिवसच बंद राहते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मोझांबिकच्या निकालानंतर दक्षिण आफ्रिकेने लेबोम्बोची चौकी तशीच बंद-चालू केली. अशा वेळी मागच्या गावात थांबावं. दोन सरकारांचं भांडण असेल तर मात्र वाट पाहण्यात अर्थ नाही. युगांडा–रवांडामधलं गातुना फेब्रुवारी २०१९ ला बंद झालं ते जानेवारी २०२२ अखेर उघडलं, आणि जानेवारी २०२४ मध्ये बुरुंडीने रवांडाला लागून असलेली सीमा बंद केली. तिथे त्याच दिवशी दुसरा मार्ग धरावा. निवडणुकांच्या तारखा आधीच बघून ठेवा. झांबियाची निवडणूक ऑगस्ट २०२६ मध्ये आहे, केनियाची ऑगस्ट २०२७ मध्ये. ऑक्टोबर २०२५ च्या मतदानाला टांझानियात इंटरनेट बंद झालं आणि दार-ए-सलामला संचारबंदी लागली. त्यामुळे नकाशे ऑफलाइन उतरवलेले हवेत आणि कागदांच्या प्रती छापील हव्यात.

झांबियातलं लिव्हिंग्स्टन हे या मार्गावरचं सगळ्यात सोयीचं ठाणं आहे. तिथून दहा-बारा किलोमीटरवर व्हिक्टोरिया धबधब्याच्या पुलावरून झिंबाब्वे, साठ-सत्तर किलोमीटरवर काझुंगुला पुलावरून बोत्स्वाना, आणि सुमारे दोनशे किलोमीटर पश्चिमेला सेशेके–कातिमा मुलिलोवरून नामिबिया. तीन देश, तीन दरवाजे. काझुंगुलाचा पूल मे २०२१ मध्ये सुरू झाला, त्याआधी तराफ्याशिवाय गत्यंतर नव्हतं. सेशेकेचा रस्ता खड्ड्यांचा आहे, त्याला अख्खा दिवस द्या. उत्तरेकडे टांझानियातल्या एम्बेयालाही असाच पर्याय मिळतो: तुंदुमाहून झांबिया किंवा सोंग्वेवरून मलावी. मलावीत परकीय चलनाअभावी पेट्रोलची टंचाई वरचेवर होते, तेव्हा तो दरवाजा टाकी भरूनच उघडावा. इथिओपिया बघायचाच असेल तर केनियाच्या सीमेवरच्या मोयालेवरून जाऊन तिथूनच परत या, पण त्यासाठी केनियात पुन्हा प्रवेश लागेल आणि कार्नेटची जादा पानंही.

कार्नेट म्हणजे गाडीचा कस्टम्सचा पासपोर्टच. आपल्याकडे मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन तो देते. मुदत एक वर्ष, आणि गाडीच्या किमतीच्या हिशोबाने बँक गॅरंटी किंवा ठेव द्यावी लागते. पाच, दहा आणि पंचवीस पानांचे कार्नेट असतात. फरक किरकोळ असतो, पंचवीसचाच घ्या, कारण मागे फिरावं लागलं की त्याच देशात परत शिरायला नवीन पान जातं. प्रत्येक पानाचे तीन तुकडे असतात. आत शिरताना सगळ्यात खालचा तुकडा कस्टम्स फाडून घेतं, बाहेर पडताना मधला. वरचा तुमच्याकडे राहतो आणि त्यावर आत आणि बाहेर असे दोन्ही शिक्के लागतात. गडबड इथेच होते. साहेब फाडायच्या तुकड्यावर शिक्का मारतो आणि वरचा कोरा सोडतो, किंवा घाईत भलताच तुकडा फाडतो. खिडकी सोडण्याआधी पान उघडून बघा आणि फोटो काढा. वरच्या तुकड्यावर बाहेरचा शिक्का नसेल तर कागदोपत्री तुमची गाडी त्याच देशात विकली गेली असा अर्थ होतो आणि ड्युटीची मागणी तुमच्या गॅरंटीवर येते.

नामांगा (केनिया–टांझानिया), तुंदुमा–नाकोंदे (टांझानिया–झांबिया), काझुंगुला या चौक्या एकछत्री आहेत. दोन्ही देशांचे अधिकारी एकाच इमारतीत बसतात आणि ती इमारत तुम्ही ज्या देशात शिरता त्याच्या बाजूला असते. मागच्या देशाचं कस्टम्स टेबल तिथे कोपऱ्यात असतं. पासपोर्टवर दोन शिक्के पडले की लोक निघतात आणि कार्नेटचा एक्झिट राहून जातो. चार शिक्के मोजा: पासपोर्टवर दोन, कार्नेटवर दोन. काही ठिकाणी कार्नेटऐवजी तात्पुरता आयात परवाना देतात. तेही चालतं, फक्त ज्या कागदावर आत गेलात त्याच कागदावर बाहेर पडा. दक्षिण आफ्रिका, बोत्स्वाना, नामिबिया, लेसोथो आणि एस्वातिनी हे कस्टम्सच्या दृष्टीने एकच क्षेत्र आहे. पहिल्या देशात शिरताना आत, शेवटच्यातून निघताना बाहेर, मध्ये शिक्का नाही.

जहाजाचं भाडं घनमीटरवर लागतं, म्हणून पुढचं चाक, हँडल, आरसे आणि काच काढून क्रेट बनवा. लाकडावर उष्णता-प्रक्रियेचा आयएसपीएम-१५ छाप हवाच, नाहीतर माल बंदरात अडतो. टाकी रिकामी, बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटी. शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टम्स कागद), बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालपावती), आरसी आणि कार्नेट या चारही कागदांवर इंजिन आणि चासिस नंबर अक्षर न अक्षर जुळवा. शून्याच्या जागी ओ पडला तरी मोम्बासात दुरुस्तीला दिवस जातात आणि गोदामभाडं चढत राहतं. डिलिव्हरीचं ठिकाण मोम्बासाच लिहिलंय ना, हेही बघा, नाहीतर कंटेनर रेल्वेने नैरोबीच्या डेपोत जातो आणि तुम्ही समुद्रकिनारी बसता. स्वतःचं विमान तिकीट जहाज बंदराला लागल्यावरच काढा.

वेळ जूनची धरा. केनियातला मोठा पाऊस मार्च ते मे असतो आणि दक्षिणेकडचा नोव्हेंबरला सुरू होतो. जूनमध्ये मोम्बासा सोडलंत तर सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत कोरड्यात केपटाऊन गाठता येतं, मध्ये तीन-चार आठवडे सीमेवर गेले तरी. ही शिल्लक वेळापत्रकात आधीच धरा. दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा भारतातूनच काढून घ्या आणि त्यावर शेवटची प्रवेश तारीख कोणती पडली आहे त्यावरून बाकीचं वेळापत्रक उलटं मोजा. पिवळ्या तापाची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्या, प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून आयुष्यभर चालतं. ते नसेल तर परत येताना भारतातच विलगीकरणात ठेवू शकतात.

गाडीबद्दल थोडक्यात सांगतो. पूर्व आफ्रिकेत बोडा-बोडा टॅक्सी म्हणून बजाज बॉक्सर गावोगावी दिसते, त्यामुळे साधं ऑइल, केबल, वेल्डिंग आणि पंक्चर कुठेही होतं. अडतं ते २१ इंची पुढच्या चाकावर. त्या मापाची ट्यूब छोट्या गावात मिळत नाही, म्हणून दोन सोबत घ्या, मागच्या चाकाची एक. क्लच आणि थ्रॉटल केबल जुन्या केबलला टेपने बांधून आधीच ओढून ठेवा, तुटली की फक्त टोकं बदलायची. ब्रेक पॅडचे दोन जोड, प्लग, एअर फिल्टर, चेनच्या जोडलिंका, क्लच प्लेटचा सेट. निघण्याआधी कोन-सेट, म्हणजे हँडलच्या मुळातले बेअरिंग, नवा टाका. नामिबियातल्या नालीदार खडीवर तोच आधी जातो. खडी लागली की हवा तीन-चार पीएसआयने उतरवा, डांबर लागलं की परत भरा, म्हणजे छोटा पंप हवाच. पंधरा लिटरची टाकी खडीवरही साडेतीनशे किलोमीटर काढते आणि मुख्य मार्गावर ते पुरतं. पाच लिटरचा कॅन टंचाईसाठी ठेवा. अंधार पडल्यावर चालवू नका. बोत्स्वानातल्या कासाने ते नाटा रस्त्यावर हत्ती डांबरावरच उभे असतात.

विम्यासाठी केनियात कोमेसा यलो कार्ड, म्हणजे अनेक आफ्रिकी देशांत चालणारा वाहन विमा, घ्या आणि त्यावर तुमचे देश लिहिलेत का ते वाचा. बोत्स्वानापासून पुढे ते चालत नाही. भारतातल्या ट्रॅव्हल पॉलिसीत दुचाकी किती सीसीपर्यंत चालते ते बघा, कित्येकींत ४११ बसतच नाही. डॉलरच्या नोटा २०१३ नंतरच्या, न मळलेल्या घ्या. जुन्या नोटा सरळ नाकारतात.

केपटाऊनहून परत पाठवताना कार्नेटवर शेवटचा एक्झिट मारून घ्या. न्हावाशेवाला बाइक सोडवताना जातानाचं शिपिंग बिल लागतं, तेव्हा ते जपून ठेवा. मग सगळे तुकडे आणि बिल ऑफ एंट्रीची (आयातीच्या कस्टम्स कागदाची) प्रत घेऊन असोसिएशनकडे कार्नेट जमा करा. गॅरंटी त्यानंतरच सुटते.