टेरेस म्हणजे गच्ची, मग 'टेरेस्ड हाउस' म्हणजे काय?

प्रश्न असा आला आहे: इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या जॉर्जियन (जॉर्ज नावाच्या राजांच्या काळातल्या, साधारण अठराव्या शतकातल्या) 'टेरेस्ड हाउस'चं वर्णन मराठीत आणायचं आहे, तर 'गच्चीचं घर' म्हटलेलं चालेल का?

नाही चालणार. या घरांना बहुधा गच्ची नसतेच. एका ओळीत, भिंतीला भिंत लावून उभ्या असलेल्या घरांपैकी एक, एवढाच त्याचा अर्थ. पुण्या-नाशकात आपण 'रो हाउस' म्हणतो, तेच. 'चाळ' मात्र म्हणू नका. चाळीत जिना आणि गॅलरी सगळ्यांची. इथे तळघरापासून माळ्यापर्यंतचे सगळे मजले एकाच बिऱ्हाडासाठी बांधलेले, दार आणि जिनाही स्वतंत्र.

मूळ शब्द लॅटिन 'टेरा', म्हणजे जमीन. त्यावरून टेरेस म्हणजे भराव घालून केलेली उंच, सपाट जागा. डोंगरउतारावरच्या पायऱ्यांच्या शेतीलाही इंग्रजीत हाच शब्द आहे. लंडनमध्ये 1768 पासून अ‍ॅडम बंधू या वास्तुविशारदांनी थेम्सकाठी कमानींवर भलामोठा चौथरा उभारला आणि त्यावर घरांची एकसंध रांग बांधली: अ‍ॅडेल्फी टेरेस. त्या काळात चौथऱ्याचं नाव वरच्या रांगेला लागलं, आणि पुढे चौथरा नसलेल्या रांगाही टेरेस झाल्या. आपल्याकडे तोच शब्द घराच्या डोक्यावर चढला. अर्थ दोन झाले, पण उंचावरची सपाट जागा दोन्हींच्या मुळाशी आहे, हे मला फार सुंदर वाटतं.

फोटो पाहूनही फसायला होतं. बाथच्या रॉयल क्रेसेंटमध्ये (1767 ते 1774, वास्तुविशारद धाकटा जॉन वुड) 30 घरं चंद्रकोरीसारखी उभी आहेत आणि वर सलग कठडा दिसतो. कठडा म्हणजे गच्ची, असं आपलं मन लगेच ठरवतं. पण त्यामागे उतरतं छप्पर असतं. लंडनमध्ये तर या कठड्यामागे आगीची भीती होती. 1707च्या कायद्याने छपराखालच्या पुढे आलेल्या लाकडी कंगोऱ्यांना बंदी घातली आणि दर्शनी भिंत छपराच्या वर न्यायला लावली. 1709च्या कायद्याने खिडक्यांच्या लाकडी चौकटी भिंतीच्या पृष्ठभागापासून चार इंच आत गेल्या.

त्या खिडक्यांना 'सरकत्या खिडक्या' म्हटलं, तर मराठी वाचकाला आडव्या सरकणाऱ्या डोळ्यांसमोर येतील. या वर-खाली सरकतात. दोरीला बांधलेली वजनं चौकटीत लपवलेली असतात. म्हणून 'वर सरकवायची खिडकी' असं लिहावं. दारावरचा अर्धवर्तुळाकार 'फॅनलाइट' म्हणजे पंख्याच्या आकाराचा काचेचा झरोका; त्यातून आतल्या अंधाऱ्या बोळात उजेड येतो. 'फर्स्ट फ्लोअर'ची काळजी नको: ब्रिटिशांचा पहिला मजला आपलाच पहिला मजला. दिवाणखाना तिथेच, म्हणून सगळ्यांत उंच खिडक्याही त्याच मजल्याच्या.

सगळ्यांत धोक्याचा शब्द 'एरिया'. त्याचा 'परिसर' केलेला मी अनुवादांत पाहिला आहे. या घरांत एरिया म्हणजे फुटपाथ आणि घर यांच्यामधलं, रस्त्याच्या पातळीखालचं अरुंद अंगण. त्यामुळे तळघरातल्या स्वयंपाकघराला उजेड मिळतो. नोकरमाणसं आणि सामानवाले लोखंडी कठड्यातल्या फाटकातून तिथे उतरत. तेव्हा मोलकरीण 'एरियात उतरली' असं मुळात असेल, तर 'पायऱ्या उतरून खालच्या अंगणात गेली' असं लिहा.