शर्करासाखळीविरुद्ध मोनोक्लोनल (एकाच पेशीच्या वंशातून मिळणारी एकसारखी अँटिबॉडी) बनवतोय, पण सगळे क्लोन, म्हणजे असे पेशीवंश, आयजीएमच (अँटिबॉडीचा मोठा, दहा जागांनी पकडणारा प्रकार) येताहेत. फेकून पुन्हा फ्युजन (उंदराच्या अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींचा कर्कपेशींशी संयोग) करू का? आणि टोचायचा डोस किती ठेवू?

फेकू नका. आधी पेरिआयोडेट (शर्करा फोडणारं रसायन) लावून बघा.

मी सातपूरला एका छोट्या लॅबमध्ये होते. आमच्या सरांनी शर्करा केएलएचला (प्रतिकारशक्ती चेतवणारं मोठं प्रथिन) जोडून उंदरांना टोचली आणि एलायझाच्या, म्हणजे अँटिबॉडी चिकटली की रंग येणाऱ्या चाचणीच्या, प्लेटवरही तेच केएलएच लावलं. प्लेटवरचे खळगे एकामागून एक पिवळेधमक. पेढे वाटले गेले. मी सांगत होते, प्लेटवर बीएसएला (गाईच्या रक्तातलं वेगळं प्रथिन) जोडलेली शर्करा घ्या, नाहीतर केएलएचच्याच अँटिबॉडी वेचत बसाल. उत्तर आलं, "तू आधी माझ्याइतकी फ्युजन्स कर."

मग मी दोन प्लेट घेतल्या. एकीत सोडियम पेरिआयोडेट, फॉइल गुंडाळून अंधारात. दुसरीत नुसता बफर. पेरिआयोडेट शर्करेचं कडं फोडतं, प्रथिनाला सहसा धक्का लावत नाही. अँटिबॉडी खरंच साखळी ओळखत असेल तर सहसा रंग उतरतो. उतरला तो एकाच क्लोनचा. आणि तो आयजीएम निघाला, म्हणून सरांनी फ्रीझसुद्धा करू दिला नाही, ब्लीच ओतलं. मला ते आजही पटलेलं नाही.

नुसत्या शर्करेला टी-पेशींची (प्रतिकारशक्तीतल्या मदतनीस पेशी) मदत जवळजवळ मिळत नाही, म्हणून आयजीएमवरून आयजीजीवर (अँटिबॉडीचा लहान, सहसा नंतर बनणारा प्रकार) जाणं अवघडच. त्यात उंदराच्या पेशींवरही बऱ्याच साखळ्या तुमच्या-माझ्यासारख्याच, मग उंदीर त्यांना परकं मानणार कशाला? पण आयजीएम कुचकामी म्हणणाऱ्याने नाशिकमधल्या कुठल्याही रक्तपेढीत जावं. रक्तगट तपासायचं निळं अँटी-ए, पिवळं अँटी-बी: बहुतेक ठिकाणी मोनोक्लोनल आयजीएमच. ए आणि बी यांत फरक टोकाच्या एका शर्करेचा, तोही ही अँटिबॉडी अचूक धरते. एकेक रेणू दहा जागांनी पकडतो, म्हणून स्लाइडवर काही क्षणांत गुठळ्या दिसतात. तुमच्या गाइडना हे जरूर सांगा.

डोसचं विचारलंत, ते तुमच्या जोडणीवर ठरेल. शुद्ध साखळी हाताशी नसेल तर अख्ख्या पेशी टोचा. १९७८ साली एसएसईए-१ ची (भ्रूणपेशींवरची एक शर्करासाखळी) अँटिबॉडी उंदराच्या एफ-९ या गाठीच्या पेशी टोचूनच मिळाली होती.

हो, आयजीएम प्रोटीन-ए कॉलमवर (अँटिबॉडी शुद्ध करायची नळी) धरत नाही, आणि पुन्हापुन्हा गोठवली-वितळवली तर खराब होते. सगळ्याच साखळ्या पेरिआयोडेटला बळी पडत नाहीत. रंग टिकला म्हणून लगेच क्लोन बाद करू नका, मोकळी शर्करा घालून बंधन अडतं का तेही बघा. औषधच बनवायचं असेल तर मात्र आयजीजीच्या मागे लागावं लागेल. जीडी-२ वरची (काही कर्कपेशींवरची शर्करा) औषधी अँटिबॉडी डायनुटुक्सिमॅब आयजीजीच आहे.