एएच३६, केए३६, व्हीएल ए३६: नावं वेगळी, स्टील तेच?

अरे जहाजाच्या प्लेटच्या या ग्रेडची नावं बघून आधी घाबरू नकोस. ही नावं देतात क्लासिफिकेशन सोसायट्या, म्हणजे जहाजांचे नियम ठरवून तपासणी करणाऱ्या संस्था. एबीएस, लॉइड्स, बीव्ही आणि आपल्या पवईची आयआरएस, सगळे एएच३६च म्हणतात, जपानची एनके केए३६ लिहिते आणि डीएनव्ही व्हीएल ए३६. हे सगळे आयएसीएसचे, म्हणजे या सोसायट्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे मेंबर, त्यामुळे गाभा एकच आहे, यील्ड (ज्या ताणाला स्टील कायमचं वाकायला लागतं तो) कमीत कमी ३५५ मेगापास्कल. ३६ हा आकडा किलो प्रति चौरस मिलिमीटरचा आहे, जुन्या मापातला.

आता सगळ्यात मोठा घोळ इथे होतो बघ, डीएनव्हीचं व्हीएल ए३६ आणि अमेरिकन एएसटीएम ए३६ हे दोन्ही 'ए३६' म्हणून बोलले जातात, पण एएसटीएमचं ३६ केएसआय (हजार पाउंड प्रति चौरस इंच) मधलं आहे म्हणजे जेमतेम २५० मेगापास्कल! मी नवीन असताना एका यार्डात इंडेंटवर (माल मागवायच्या कागदावर) नुसतं 'ए३६ प्लेट' लिहिलेलं पाहिलंय, कटिंगच्या आधी लक्षात आलं म्हणून वाचलो. नेहमी पूर्ण नाव लिही, सोसायटीसकट.

नावातलं ए, डी, ई किंवा एफ हे अक्षर म्हणजे इम्पॅक्ट टेस्टचं (थंडीत फटका मारून स्टील किती ऊर्जा झेलतं ते बघायच्या चाचणीचं) तापमान, अंश सेल्सिअसमध्ये: ए ला ०, डी ला उणे २०, ई ला उणे ४०, एफ ला उणे ६०. ५० मिमी जाडीपर्यंत लांबीच्या दिशेने सरासरी ३४ जूल लागतात. एस३५५जे२ या युरोपियन स्ट्रक्चरल स्टीलला उणे २० ला २७ जूलच, म्हणून यील्ड जुळलं तरी ते डीएच३६ च्या जागी परस्पर टाकायचं नाही.

आणि आकडे जुळले तरी मिल त्या सोसायटीची अप्रूव्ड आहे का, प्लेटवरचा हीट नंबर (स्टील ज्या घाणीतून ओतलं तिचा नंबर) सर्टिफिकेटशी जुळतो का, हे स्वतः जाऊन बघ, आणि बदली ग्रेड वापरायची तर सोसायटीच्या सर्व्हेअरची लेखी परवानगी आधी घे.