तो आकडा खोडू नका (बडोद्याहून)

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. एम.एस्सी.चा सेमिनार, विषय अंटार्क्टिकातले मासे, आणि प्रश्न असा की रक्तातल्या क्षारांवरून गोठणबिंदू काढला तर उणे १.१ अंश येतो, पुस्तकात उणे २च्याही खाली छापलाय, छपाईची चूक धरून दुरुस्त करू का? नका करू. मी केली होती.

आधीच सांगते, मी संशोधक नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी इथंच बडोद्यात प्राणिशास्त्र केलं, आता दांडिया बाजारात घरी बारावीच्या शिकवण्या घेते. तेव्हा शेवटचा शब्द तुमच्या गाइडचा.

माझं गणित तुमचंच होतं. रक्तात विरघळलेल्या कणांचं माप ०.६ ऑस्मोल, आणि दर ऑस्मोलला पाण्याचा गोठणबिंदू १.८६ अंश उतरतो, म्हणून ०.६ला १.८६ने गुणलं, उत्तर १.१. लहानपणी सुट्टीत संच्यात आंब्याचं आईस्क्रीम व्हायचं, तेव्हा बर्फात खडेमीठ टाकायचं काम माझं. मीठ वाढलं की गोठणबिंदू उतरतो, हे असं हाताला ठाऊक झालेलं. त्यापलीकडे काही असेल असं मनातच आलं नाही. प्रबंधातल्या तक्त्यात पुस्तकातले आकडे मी खोडले, माझे घातले आणि खाली तळटीप दिली: ‘मूळ आकड्यांत मुद्रणदोष’. ती तळटीप आठवली की अजून कान तापतात. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शांतपणे विचारलं, “बाई, समुद्र उणे १.९ला आहे. तुमच्या तक्त्यातला मासा त्यात जगतो कसा?”

मी अतिशीतनाचं (गोठणबिंदूच्या खाली जाऊनही न गोठण्याचं) नाव घेतलं. तेही अर्धवट. कॅनडातल्या लॅब्राडोरच्या खोल फ्योर्डात (डोंगरांमधल्या अरुंद खाडीत) काही मासे तसे जगतात खरे, पण तिथं तळाशी बर्फ नसतो म्हणून. बर्फाचा कण लागला की ते जागीच गोठतात. अंटार्क्टिकात पाण्यातच बर्फाचे कण तरंगतात, ते माशाच्या पोटात जाणारच.

खरा खुलासा आर्थर डीव्रीस या संशोधकांनी १९६०च्या दशकात अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो साउंड या सामुद्रधुनीतल्या माशांवर काम करून केला. रक्तात साखर जोडलेली प्रथिनं असतात, ती बर्फाच्या स्फटिकाला चिकटतात आणि त्याला वाढू देत नाहीत. इथं रेणूंची संख्या मोजून भागत नाही, म्हणून १.८६चा हिशेब तोकडा पडतो. नीट लक्षात ठेवा: वितळणबिंदू उणे १.१च्या आसपासच राहतो, खाली सरकतो तो फक्त गोठणबिंदू. मधल्या फटीला थर्मल हिस्टेरिसिस म्हणतात. म्हणजे तुमचं गणित बरोबर आणि पुस्तकही बरोबर.

मला प्रबंध परत सादर करावा लागला. त्यात एका कचेरीत (नाव घेत नाही) माझी फाइलच सापडेना. आज साहेब रजेवर, उद्या शिक्का मारणारे रजेवर. एका तळटिपेपायी वर्ष गेलं, आणि त्यातले सहा महिने निव्वळ त्या खिडकीपुढं. असो.

आता सेमिनारबद्दल. सगळे आइसफिश या अंटार्क्टिकातल्या माशांवर वेळ घालवतात, कारण हिमोग्लोबिन नसलेलं रक्त स्लाइडवर छान दिसतं. माझ्या मते ते थोडक्यात आटपा. आणि ‘थंडीसाठी मिळालेली देणगी’ असं तर म्हणूच नका. थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो म्हणून ते नुकसान निभावलं, आणि त्याचीही किंमत मोठं हृदय आणि जास्त रक्त बाळगून मोजावी लागते. मला तरी ती देणगी वाटत नाही, पण यावर वाद आहे हे कबूल.

वेळ द्या तो जनुकांना. अंटार्क्टिकातल्या नोटोथेनिऑइड गटातल्या माशांत हे बर्फ रोखणारं प्रथिन ट्रिप्सिनोजेन या पाचक प्रथिनाच्या जनुकातून घडलं, हे १९९७मध्ये दाखवलं गेलं. उत्तर ध्रुवाकडच्या कॉड माशांत जवळजवळ तसंच प्रथिन आहे, थ्रिओनिन-अ‍ॅलनिन-अ‍ॅलनिन अशीच अमिनो आम्लांची पुनरावृत्ती, पण उगम अगदी वेगळा: प्रथिन न बनवणाऱ्या डीएनएतून. दोन ध्रुव, दोन वाटा, माल एकच. परीक्षक इथं मान वर करतात.

किरकोळ एक: ‘पांढरं रक्त’ लिहू नका, ते जवळजवळ रंगहीन असतं. आणि काहीही सादर कराल तेव्हा झेरॉक्सवर तारखेसकट पोच घ्या, उद्या देतो म्हणाले तरी तिथून हलू नका.