हॉर्मोनचा हार्मनीशी काडीचाही संबंध नाही

घोडबंदर रोडवरच्या एका ताईंनी विचारलंय: लेकीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'संप्रेरक' आहे, डॉक्टर 'हार्मोन' म्हणतात, आणि आजोबांच्या जुन्या पुस्तकात 'अंतःस्राव'. तिन्ही एकच का? आणि पेशी एकमेकींशी 'बोलतात' असं उत्तरात लिहिलं तर चालेल का?

आधी 'हार्मोन'चा निकाल लावू. तलावपाळीला सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांत, योगवर्गांत, आरोग्यावरच्या भाषणांत हल्ली सारखं कानावर येतं, 'हार्मोन म्हणजे शरीराची हार्मनी राखणारा!' साफ चूक. हार्मनी आली ग्रीक 'हार्मोस'वरून, म्हणजे सांधा. हार्मोनियम त्याच घराण्यातला. हॉर्मोन आला 'होर्माओ'वरून, म्हणजे 'मी चालना देतो'. आपण 'हॉ'चा 'हा' करून ठेवला आणि ही भाकडकथा रुजली.

या शब्दामागचा प्रयोग मोठा देखणा आहे. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या लहान आतड्याच्या एका तुकड्याच्या नसा तोडल्या आणि त्यात आम्ल सोडलं. स्वादुपिंडातून रस तरीही वाहू लागला. नसाच नाहीत, मग निरोप पोचला कसा? रक्तातून. आतड्याच्या अस्तरातून निघणाऱ्या त्या निरोप्याचं नाव त्यांनी 'सिक्रेटिन' ठेवलं, आणि १९०५च्या व्याख्यानांत स्टार्लिंग यांनी अशा सगळ्या पदार्थांना 'हॉर्मोन' म्हटलं.

म्हणूनच 'अंतःस्राव' मला पटत नाही. स्राव ही पाझरण्याची क्रिया. पाझरून जो निघाला आणि कामाला लागला, त्याचं नाव वेगळंच हवं. 'ग्रंथिरस' तर त्याहून वाईट. सिक्रेटिन बनवणाऱ्या पेशी आतड्याच्या अस्तरात विखुरलेल्या असतात, तिथे वेगळी ग्रंथी आणायची कुठून?

आता 'संप्रेरक'. ज्यानं हा शब्द घडवला त्याला माझा दंडवत. सम् + प्र + ईर्. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, 'ईर गतौ कम्पने च': ईर् म्हणजे हलणं, हलवणं. प्रेरणा त्यातलीच. पण ठाण्यात दर दोन सोसायट्यांमागे एक सापडणारा समीरही त्यातलाच, सम् + ईर्, वारा! आणि मला सर्वांत प्रिय भावंड म्हणजे 'उदीर्', वर लोटणं, म्हणजेच तोंडातून शब्द बाहेर काढणं, उच्चारणं. महाभारताच्या प्रारंभी म्हणतात ना, 'ततो जयमुदीरयेत्'? कीर्तन-प्रवचनाला बसलेल्या प्रत्येकानं ते ऐकलेलं असतं. एकाच धातूत चालना, वारा आणि वाणी. रक्ताच्या प्रवाहावरून दूरच्या पेशीपर्यंत पोचणाऱ्या निरोपाला याहून नेमका धातू कुठला सापडणार? घडवणाऱ्याच्या मनात फक्त 'चालना' असेलही. मी मात्र या शब्दात तिन्ही अर्थ वाचतो.

यावर काही शास्त्रशिक्षक हटकतात: सोमॅटोस्टॅटिन हे संप्रेरक वाढीच्या संप्रेरकाला रोखतं, मग रोखणारा 'प्रेरक' कसा? आक्षेप शिळा आहे. शेफर या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञानं मूळ 'हॉर्मोन'वरही हाच घेतला होता आणि रोखणाऱ्यांसाठी ग्रीकमधून 'कॅलोन' हा वेगळा शब्द सुचवला होता. तो टिकला नाही, कारण एकच संप्रेरक एका अवयवाला जागं करतं आणि दुसऱ्याला थोपवतं. ॲड्रेनॅलिननं हृदय जोरात धडधडतं आणि आतड्याची हालचाल मंदावते. त्याला कुठल्या रकान्यात टाकणार? 'थांब' हाही निरोपच, आणि तोही कुणीतरी धाडावाच लागतो.

ताईंचा दुसरा प्रश्न राहिलाच. 'बोलतात' खुशाल लिहू दे, फक्त त्या प्रत्येक बोलण्याला 'संप्रेरक' म्हणू नये. पेशीनं सोडलेला रेणू शेजारच्याच पेशीला गाठतो, तेव्हा तो स्थानिक निरोप. हृदयाच्या स्नायुपेशी तर एकमेकींना जोडणाऱ्या सूक्ष्म मार्गांतून थेट विद्युतभारित कण पाठवतात. आणि परीक्षेत हमखास गोंधळ होतो तो नॉरॲड्रेनॅलिनचा: मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथीतून रक्तात गेलं तर ते संप्रेरक, चेतातंतूच्या (नसेच्या) टोकाशी सुटलं तर चेतापारेषक, म्हणजे नसेचा निरोप पुढच्या पेशीला देणारा. रेणू तोच. तेव्हा लेकीला उत्तरात तो कुठून सुटला आणि कसा पोचला, हे आधी लिहायला सांगा.