घरगुती पार्टीत बेली डान्स: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न : तीन वर्षं बेली डान्स शिकतेय. पहिली सुपारी आली आहे, बंगल्याच्या हॉलमध्ये पन्नासाव्या वाढदिवसाची. यजमान अर्धा तास नाचा म्हणतात. एवढा वेळ कसा भरायचा? – स. पा., नाशिक

भरूच नका. घरच्या हॉलमध्ये १२ ते १५ मिनिटं पुरतात, लॉनवर किंवा बँक्वेटमध्ये २०. त्यापुढे पाहुण्यांचं लक्ष स्टार्टर्सकडे जातं. यजमानांना कमी वाटलं तर नाच झाल्यावर दहा मिनिटं पाहुण्यांना दोन-तीन सोप्या स्टेप शिकवते, असं सांगा. बहुतेक जण खूश होतात.

साडेतेरा मिनिटांचा हिशोब असा. प्रवेशाला अडीच मिनिटं, मलफूफसारखा दोन मात्रांचा धावता ठेका आणि हातात व्हेल, म्हणजे झिरझिरीत लांब ओढणी. मग मकसूम या चार मात्रांच्या ठेक्यातलं एखादं अरबी गाणं, साडेतीन मिनिटं. त्यानंतर संथ तकसीम, म्हणजे ठेक्याशिवाय एकाच वाद्यावरची आलापी. कैरोच्या रंगमंचावर ती लांबली तरी शोभते; ट्यूबलाइटच्या उजेडात, सहा फुटांवर बसलेल्या मावशींसमोर दीड मिनिटाच्या पुढे ओढलीत की कुजबुज सुरू झालीच. दरबुक्याचा, म्हणजे पेल्याच्या आकाराच्या अरबी ढोलाचा, ड्रम सोलो दोन मिनिटं, टाळ्या इथेच पडतात. मग पाहुण्यांना उठवायला तीन मिनिटं आणि बाहेर पडायला एक. पाहुण्यांच्या भागात नऊ मात्रांचा तुर्की कर्शिलामा ठेवू नका. टाळी चुकते आणि लोक ओशाळून बसतात.

सगळं संगीत एकाच फाइलमध्ये जोडा. गाण्यांमध्ये रिकामी जागा राहिली की कोणीतरी ‘झालं वाटतं’ म्हणून टाळ्या वाजवतो आणि पुढच्या गाण्याची हवा जाते. फोन एअरप्लेन मोडवर ठेवून ब्लूटूथ तेवढं चालू करा, नाहीतर तकसीमच्या मध्यात कोणाचा तरी कॉल स्पीकरवर वाजतो. पेनड्राइव्ह आणि साधी ऑक्स केबलही जवळ असू द्या.

आता जागा. किमान ८ बाय ८ फूट मोकळी हवी, हे फोनवरच विचारा आणि फोटो मागवा. फोटोत आधी छत बघा. व्हेल साधारण पावणेतीन मीटर लांब असते. हात वर करून ती उडवली की थेट पंख्याच्या पात्यांत जाते. पंखा बंद ठेवायचा आणि नाच संपेपर्यंत बटणाला कोणी हात लावायचा नाही, हे घरातल्या एका जबाबदार माणसाला सांगून ठेवा. केकवरच्या मेणबत्त्याही विझलेल्या हव्यात. पॉलिस्टरची व्हेल क्षणात वितळते आणि अंगाला चिकटते.

प्रश्न : नाचताना ब्लाउजचा हुक निसटला तर? आणि घरगुती कार्यक्रमात पोट झाकावं का? – मे. जो., ठाणे

विकत मिळणाऱ्या पोशाखाच्या हुकांवर विसंबूच नका. ब्राच्या इलॅस्टिक पट्ट्या उसवून न ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या लावा. मागे मोठे हुक दोन ठिकाणी शिवा, वरून एक सेफ्टी पिन. कमरेचा पट्टा स्कर्टला पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना पिनेने अडकवा. नुसता बांधलेला पट्टा शिमीमध्ये, म्हणजे कंबर भराभर थरथरवताना, हळूहळू सरकत मांडीवर येतो. आत शॉर्ट्स हवीच. नाण्यांच्या हिप स्कार्फची प्रत्येक ओळ आदल्या दिवशी ओढून बघा. गळालेलं नाणं अनवाणी पायाखाली बोचतंच, शिवाय रांगती मुलं ते तोंडात घालतात.

पोटाचं म्हणाल तर जाळीचं अस्तर घालण्यात काही कमीपणा नाही. इजिप्तमध्ये १९५० च्या दशकापासून उघड्या पोटावर निर्बंध आले आणि मोठमोठ्या नर्तकी जाळी घालून नाचल्या. नाचाच्या आधी आणि नंतर मात्र अंगावर पायघोळ कफ्तान हवा. पोशाखात जेवणाच्या रांगेत उभं राहू नका.

प्रश्न : मैत्रिणीच्या संगीतात डोक्यावर मेणबत्त्यांचं शमादान घेऊन नाचायचं आहे. – क. दे., पणजी

कल्पना रास्त आहे. इजिप्तमध्ये नवरा-नवरीच्या वरातीपुढे, म्हणजे झफ्फात, नर्तकी असंच नाचते. पण खऱ्या मेणबत्त्या नकोत. गरम मेण खांद्यावर पडतं आणि हॉलवाले परवानगी देत नाहीत. बॅटरीच्या लावा आणि घरी त्याच वजनासह सराव करा. शमादानाची बैठक कपाळावर घट्ट बसली नाही, तर पहिल्याच गिरकीत ते कलतं.

प्रश्न : कोणी नोटा खोचायला किंवा अंगाशी यायला लागलं तर? सरळ निघून जावं का? – नाव न छापण्याच्या विनंतीसह, पुणे

बरंचसं सुपारी घेतानाच ठरतं. पाहुणे किती, बायका-मुलं असतील का, दारू कधी सुरू होणार, हे विचारा. ‘फक्त पुरुषांची पार्टी आहे, तुम्ही एकट्याच या’ असं म्हणणाऱ्यांना नकार द्या. निम्मी रक्कम अॅडव्हान्स, उरलेली नाचण्याआधी. सोबत एक माणूस हवाच. संगीत चालू-बंद करणं आणि दार ओळखून ठेवणं, ही त्याची कामं. अंगाला हात लावायचा नाही, परवानगीशिवाय रील नाही आणि यापैकी काही मोडलं तर पैसे परत न देता कार्यक्रम थांबेल, हे व्हॉट्सअॅपवर लिहून ‘मान्य’ असं उत्तर घ्या.

इजिप्तच्या लग्नांत नर्तकीवर नोटा उधळण्याची जुनी रीत आहे, पण आपल्याकडे ती घेऊन येऊ नका. डान्स बारसाठीच्या महाराष्ट्राच्या २०१६ च्या कायद्यात उधळण्यावर बंदी आहे आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. टिप द्यायला मुभा दिली. घरच्या पार्टीला तो कायदा लागू असो-नसो, लोकांच्या डोक्यात बारचंच चित्र असतं. म्हणून टिप पाकिटात, यजमानांच्या हातून.

तरी एखादे काका पुढे आलेच, तर हसत गिरकी घेऊन मधे व्हेल पसरा आणि बायकांच्या घोळक्याकडे सरका. दुसऱ्यांदा आले तर सोबत्याला खूण करा, संगीत बंद. तिसरी संधी नाही.

प्रश्न : नऊची वेळ देतात आणि साडेदहाला नाचवतात. काय करावं? – रा. शि., मुंबई

थांबण्याचे पैसे दर अर्ध्या तासाला किती, ते आधीच सांगा. लॉन किंवा गच्ची असेल तर रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, हेही यजमानांच्या कानावर घाला. त्यामुळे केक आपोआप लवकर कापला जातो.